नकार, प्रवेश आणि पुनःप्रवेश
परदेशी दर्शनाला व शिक्षणाला निघणाऱ्यांसाठी अभ्यासलेख



पालम, गंगाखेड, लोहा या भागातून लुंबिनीला जाऊन आलेला माणूस "मी परदेशात जाऊन आलो" असे क्वचितच म्हणतो. मनमाडला गाडी बदलायची, गोरखपूरला उतरायचे, तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौलीचा नाका गाठायचा. कमान ओलांडली की नेपाळ, आणि पुढे पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर लुंबिनी. ना व्हिसा, ना पासपोर्टवर शिक्का. ही मोकळीक आपल्याला ३१ जुलै १९५० रोजी भारत व नेपाळ यांच्यात झालेल्या मैत्री-करारामुळे मिळालेली आहे. परमपूज्य बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा हा करार सहा वर्षांचा झालेला होता.

या मोकळिकीचा एक तोटाही आहे. पहिला परदेश इतका सोपा गेला, की दुसराही तसाच असेल अशी आपली समजूत होते. आज आपले लोक थायलंड, श्रीलंका, जपान येथे दर्शनाला जातात. आपली मुले-मुली बँकॉकपासून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत शिकायला जातात. त्यांच्याकडून आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. व्हिसा नाकारला तर पुढे काय? आणि एकदा बाहेर पडलो तर पुन्हा आत घेतात काय? पहिला प्रश्न मनाला लागतो, दुसरा खिशाला. दोन्ही वेळा अनेक वर्षांची पुंजी पणाला लागलेली असते, म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करू. पासपोर्ट आपले सरकार देते. तो आपण कोण याचा दाखला आहे. व्हिसा दुसऱ्या देशाचे सरकार देते. ती दारापर्यंत येण्याची परवानगी आहे. दार उघडणारा मात्र विमानतळावरचा किंवा नाक्यावरचा अधिकारी असतो, आणि व्हिसा असूनही तो नकार देऊ शकतो. आता व्हिसा हातात आला की त्यावरही तीन आकडे वाचायचे असतात. तो कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, एका वेळी किती दिवस राहता येईल, आणि किती वेळा आत येता येईल. आपण पहिला आकडा पाहतो व उरलेले दोन सोडून देतो. समजा व्हिसा सहा महिने चालणारा आहे, मुक्काम तीस दिवसांचा आहे आणि प्रवेश एकदाच आहे. तर पाचव्या दिवशी शेजारच्या देशात जाऊन आठव्या दिवशी परत आलेल्या माणसाकडे सहा महिन्यांपैकी एक दिवसही शिल्लक राहत नाही. त्याचा व्हिसा पाचव्या दिवशीच संपलेला असतो.

सोनौलीचा नाका

हा नियम सर्वात जास्त कोठे बोचतो, तर आपल्या ओळखीच्या सोनौलीला. आपल्याला नाही, आपल्या पाहुण्यांना.

बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती ही स्थळे भारतात, आणि लुंबिनी नेपाळात. थायलंड, श्रीलंका, व्हिएतनाम, कोरिया येथून येणारे भन्ते व यात्रेकरू भारतात उतरतात, मध्येच लुंबिनीला जातात व परत भारतात येऊन मायदेशीचे विमान धरतात. म्हणजे एकाच यात्रेत त्यांना भारतात दोनदा प्रवेश करावा लागतो. व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर सोनौलीला भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का बसताच तो संपतो. नेपाळचा व्हिसा बहुतेक परदेशी लोकांना नाक्यावरच मिळतो, त्यामुळे जाताना काहीच अडत नाही. अडचण परतताना कळते. मग काठमांडूला भारतीय दूतावासात नवीन अर्ज, तेथील मुक्कामाचा खर्च, आणि दिल्लीहून निघणारे विमान हुकलेले. सोबतचे भारतीय उपासक पायी कमान ओलांडून अलीकडे आलेले असतात, आणि पाहुणे भन्ते पलीकडे उभे असतात.

येथे आणखी एक बारकावा आहे. सोनौलीला सीमा उघडी असल्यामुळे बस भारताच्या इमिग्रेशन कार्यालयासमोर आपोआप थांबेलच असे नाही. दुकानांच्या रांगेत ते नजरेतून सुटते. आपल्याला तेथे काम नसते, म्हणून आपल्याकडील कोणी ड्रायव्हरला थांब म्हणत नाही. पाहुणा बाहेर पडल्याच्या शिक्क्याशिवाय पलीकडे गेला, तर नेपाळचे अधिकारी त्याला परत पाठवतात. शिक्का घेऊन मगच या म्हणतात. तेव्हा गटात एक जरी परदेशी नागरिक असेल, तर बस थांबवण्याची जबाबदारी गटप्रमुखाने स्वतःकडे घ्यावी. गाडी आपली असेल तर तिचेही कागद आहेत. नेपाळात जाणाऱ्या वाहनाला तेथील जकात भरून मुदतीची पावती घ्यावी लागते, तिला भन्सार म्हणतात. एका अर्थी तो गाडीचा व्हिसाच!

ई-व्हिसाचे प्रकरण निराळे. भारताने २७ नोव्हेंबर २०१४ पासून परदेशी पर्यटकांना ऑनलाइन परवानगी देण्यास सुरुवात केली. ही सोय विमानतळांपासून सुरू झाली, पुढे काही बंदरेही त्यात आली. म्हणजे या व्हिसावर देशात कोठूनही शिरता येत नाही. ठरलेल्या यादीतील दारातूनच शिरावे लागते. बाहेर पडायला मात्र इतर अधिकृत नाकेही चालतात. यामुळे असे होते, की पाहुणा सोनौलीहून बाहेर जाऊ शकतो आणि त्याच सोनौलीहून परत येऊ शकेल याची खात्री नसते, मग त्याच्या व्हिसात कितीही प्रवेश असोत. जमिनीवरच्या नाक्यांची यादी बदलत असते. म्हणून पाहुण्यांचा कार्यक्रम आखतानाच अधिकृत संकेतस्थळावरील त्या वेळची यादी वाचावी, आणि सोनौलीचे नाव नसेल तर परतीचा प्रवास काठमांडूहून विमानाने धरावा. लुंबिनीजवळ भैरहवा येथे १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेला, गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले. तेथून त्या वेळी भारतात सोयीचे विमान आहे काय हेही पाहून घ्यावे.

नियम एका घटनेने कसे कडक होतात, याचेही उदाहरण याच वाटेवर आहे. हेडली प्रकरणानंतर २००९ च्या अखेरीस भारताने पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांना दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर ठेवण्याची अट घातली. लुंबिनीला जाऊन चार दिवसांत परतणाऱ्या यात्रेकरूंना आपला पूर्ण आखलेला कार्यक्रम दाखवून सवलत मागावी लागे. बहुतेक देशांच्या नागरिकांपुरती ही अट २०१२ च्या अखेरीस उठली, परंतु पाकिस्तान, बांगलादेश, चीन, इराण अशा काही देशांच्या नागरिकांसाठी ती ठेवण्यात आली. मुंबईवर हल्ला करणाऱ्यांशी बोधगयेला आलेल्या म्हाताऱ्या उपासिकेचा काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण नाक्यावरील अधिकाऱ्याला तो संबंध शोधायचा नसतो. त्याला परिपत्रक पाळायचे असते.

आपल्या स्वतःच्या लोकांसाठी नेपाळची गोष्ट एवढीच, की जमिनीवरून जाताना पासपोर्ट लागत नाही, तरी ओळख पटवणारे फोटोचे कागद जवळ हवेतच. विमानाने जाणार असाल तर वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. पंधरा वर्षांखालील व पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना आधार कार्डावर जाता येते. मधल्या वयाच्या माणसाने केवळ आधार कार्डावर विसंबून विमानतळ गाठू नये.

पाहुणे भन्ते आणि आपली जबाबदारी

वर्षावासानंतर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला परदेशी भन्ते गावी यावेत, त्यांनी धम्मदेशना द्यावी, अशी इच्छा अनेक विहारांची असते. इच्छा चांगली आहे, परंतु ते पर्यटक व्हिसावर आलेले असतील तर सावध राहावे. भारताच्या नियमांनुसार पर्यटक व्हिसावरील माणसाला धर्मस्थळांना भेट देता येते व प्रवचन ऐकता येते. मात्र धार्मिक विचारांचा प्रचार करणे, धर्मस्थळी भाषण देणे, तशी पत्रके वाटणे याला परवानगी नाही. श्रोत्यांत बसणे चालते, व्यासपीठावर बसणे चालत नाही. देशना द्यायचीच असेल तर त्या प्रकारचा व्हिसा त्यांनी आपल्या देशातूनच घेऊन यावा. येथे आल्यावर पर्यटक व्हिसा बदलून मिळेल अशी आशा धरू नये. तसेच परदेशी पाहुणा मुक्कामाला असल्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवणे हे ज्याच्याकडे मुक्काम आहे त्याचे काम आहे, मग तो लॉज असो, विहार असो की आपले घर. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवीन इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे, आणि दंडाच्या तरतुदी त्यात सौम्य नाहीत. कार्यक्रमाचा मोठा फलक आपण लावतो, त्यावर भन्तेंचा फोटो व 'प्रमुख धम्मदेशना' असे छापतो. पुढच्या वेळी व्हिसा मागताना त्यांना नकार मिळाला, तर तो फलकच पुरावा ठरू शकतो.

नकार आला तर

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. नकार आला म्हणजे आपली लायकी काढली असे अनेकांना वाटते. घरी सांगायची लाज वाटते, गावात तर नाहीच. आमच्या मते ही लाजच पुढे खरी अडचण करते.

नकार देण्याची प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे. जपान नकाराचे नेमके कारण सांगत नाही, आणि त्याच कारणासाठी पुन्हा अर्ज सहा महिने स्वीकारत नाही. ब्रिटन लेखी कारणे देते. पर्यटक व्हिसाच्या नकारावर सर्वसाधारण अपील नसते, पण चुका दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. फ्रान्स, जर्मनी, इटली आदी शेंगेन देश एका छापील नमुन्यावर कारणापुढे खूण करून देतात व त्याविरुद्ध अपील करता येते. अपिलाची पद्धत ज्या देशाने नाकारले त्याची. अमेरिकेत बहुतेक नकार कलम २१४ (ब) खाली येतात. त्या कायद्याचे गृहीतच असे आहे, की अर्जदार कायमचा राहायला येत आहे. तसे नाही हे त्याने दाखवायचे. खिडकीसमोरची दोन-तीन मिनिटांची ती बोलणी असतात. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, परंतु परिस्थितीत काही बदल झाला नसेल तर उत्तरही बदलत नाही. फी कोठेच परत मिळत नाही.

अधिकाऱ्याला मुख्यतः एकच गोष्ट पाहायची असते. हा माणूस परत जाईल काय? शहरातील नोकरदाराकडे पगारपत्रक व रजेचा दाखला असतो. आपल्याकडील शेतकरी, शेतमजूर, निवृत्त शिक्षक यांना वाटते आपल्याजवळ दाखवण्यासारखे काही नाही. ते खरे नाही. सातबारा, पेन्शनचा आदेश, वर्षभराचे बँक पासबुक, सोसायटीचा उतारा, शाळेत शिकणाऱ्या मुलांचे दाखले, यांतून माणूस आपल्या मातीशी किती बांधलेला आहे ते दिसते. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर मात्र जोडावे. पासबुकाबाबत एक सूचना : अर्जाच्या आधी आठवडाभरात कोणाकडून उसने दोन लाख आणून भरले, तर ते लपत नाहीत. वर्षभर खात्यात आठ-दहा हजारांची ये-जा आणि शेवटच्या ओळीला दोन लाख, हे वाचणाऱ्याला काय वाटेल? त्यापेक्षा खर्च मुलगा करणार आहे असे सरळ लिहावे, व मुलाचे पासबुक जोडावे.

सर्वात महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. पुष्कळ देशांच्या अर्जात पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला होता काय, असा प्रश्न असतो. कोठे तो त्या एकाच देशापुरता असतो, कोठे जगातील कोणत्याही देशाबद्दल. प्रश्न नीट वाचून खरे उत्तर द्यावे. जुना नकार सांगितल्याने अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. तो लपवला आणि उघड झाला, तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकते, आणि अमेरिकेत खोटी माहिती देणारा कायमचा अपात्र ठरू शकतो. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे देश अशी माहिती एकमेकांना देतात, म्हणून "त्यांना कसे कळणार?" हा प्रश्न आता उरलेला नाही.

आणि हा प्रश्न बहुधा आपल्यासमोर येतच नाही. यात्रा कंपनीचा माणूस चाळीस जणांचे अर्ज एका रात्रीत भरतो, सर्व 'होय-नाही'च्या रकान्यांत सरसकट 'नाही' टाकतो, आणि आपण सही करतो. सही आपली, म्हणून खोटेही आपले. आम्ही आग्रहाने सांगतो की भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी, आणि इंग्रजी वाचता येत नसेल तर गावातील एखाद्या कॉलेजच्या मुलाकडून ती ओळीने वाचून घ्यावी. तेवढा वेळ द्यायला तयार नसलेल्या एजंटाला पैसेही देऊ नयेत. पैसे देतानाही, नकार आल्यास विमान, हॉटेल व सेवेचे किती परत मिळणार, हे पावतीवर लिहून घ्यावे. "व्हिसा शंभर टक्के" म्हणणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार करावा. ते त्याच्या हातात नाही.

नकाराच्या इतिहासात एक मराठी नाव आठवते. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे परदेशात राहून स्वातंत्र्यासाठी झटले आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ मध्ये त्यांना मायदेशी यायचे होते, तर ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील बंदी अजून कागदावर शिल्लक होती व त्यांचा अर्ज आधी नाकारला गेला. पाठपुरावा झाला, बंदी उठली, ते आले. पुढे नागपुरात राहिले व तेथेच १९६७ मध्ये निवर्तले. ज्या देशासाठी त्यांनी घर सोडले, त्याच देशाच्या दारात त्यांना आपले नाव यादीतून काढून घ्यावे लागले.

विद्यार्थ्यांसाठी

बँकॉकजवळच्या महाचुलालोंगकोर्नराजविद्यालय विद्यापीठात बौद्ध अध्ययनासाठी परदेशी विद्यार्थी व भिक्खू जातात. तेथील दीर्घ मुदतीच्या मुक्कामाची परवानगी देश सोडताच रद्द होते. आईला बरे नाही म्हणून चार दिवस गावी यायचे असले, तरी निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यावाच लागतो. एका खेपेसाठी त्याची फी १,००० बात व अनेक खेपांसाठी ३,८०० बात अशी राहिली आहे. तो विमानतळावरही घेता येतो, परंतु विमान सुटायच्या घाईत ते धाडस करू नये. परवाना न घेता निघालेल्या मुलाला सर्व कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात.

अमेरिकेत गोष्ट उलटी आहे. शिक्षण चालू असेपर्यंत आत राहण्याचा हक्क वेगळा आणि व्हिसाची मुदत वेगळी. व्हिसा संपला तरी अभ्यास चालू असताना आत राहता येते. पण एकदा परभणीला आलात की परत जाण्यासाठी नवीन व्हिसा लागतो, आणि तो नाकारलाही जाऊ शकतो. सप्टेंबर २०२५ पासून अर्ज आपल्याच देशात करावा असा नियम कडक करण्यात आला आणि मुलाखतीतून मिळणारी सूट बरीच कमी झाली. डिसेंबर २०२५ मध्ये लग्नकार्यासाठी भारतात आलेल्या अनेक नोकरदारांच्या मुलाखती अचानक काही महिने पुढे ढकलल्या गेल्या व ते येथेच अडकले. म्हणून बहिणीच्या लग्नाची तारीख धरताना मुलाच्या व्हिसाची तारीखही पाहावी.

युरोपात फिरताना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस हा नियम आहे. तो महिन्यावर किंवा वर्षावर मोजत नाहीत. रोज मागचे १८० दिवस मोजतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे शिक्क्यांऐवजी संगणकावर नोंद घेण्यास टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, त्यामुळे पुसट शिक्क्याचा आधार आता नाही.

परतीची मुदत सांभाळण्याचा सर्वात मोठा धडा आपल्याला बाबासाहेबांच्या चरित्रातच मिळतो. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून यावे लागले. परंतु येताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी मिळवून ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये, मुदतीच्या आत, लंडनला पोहोचले.

पासपोर्ट हातात घेतल्यावर

शेवटी काही फुटकळ परंतु उपयोगी गोष्टी. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी, असा अनेक देशांचा आग्रह असतो. आडनावाचा रकाना कोरा असलेला, एकाच शब्दाचे नाव असलेला पासपोर्ट संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटकांसाठी नाकारला. आपल्या जुन्या पिढीतील अनेक बायकांचे कागद असेच आहेत, ते आधी दुरुस्त करून घ्यावेत. दहावी न झालेल्या, पन्नाशीच्या आतील व्यक्तींच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शेरा असू शकतो. ज्या देशांत नोकरीला जाताना या शेऱ्यामुळे सरकारची परवानगी लागते, त्यांत आखाती देशांबरोबर थायलंड, मलेशिया व इंडोनेशियाही आहेत. दर्शनाला जाणाऱ्याला ती लागत नाही, पण मुंबईच्या विमानतळावर विचारपूस होते. परतीचे तिकीट, हॉटेलची नोंद व गटाची यादी हातातच ठेवावी, खाली टाकलेल्या बॅगेत नव्हे.

थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय तीस दिवस व जुलै २०२४ पासून साठ दिवस प्रवेश दिला. अशा सवलती येतात तशा जातात. निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासाव्यात. १ मे २०२५ पासून तेथे पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन कार्ड भरावे लागते. ते विनामूल्य आहे. त्याचे पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही असे समजावे.

आणि पासपोर्टच हरवला तर? आधी तेथील पोलीस ठाण्यात तक्रार, तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास. भारतीय नागरिकाला भारत आपल्या दारातून परत पाठवत नाही. दूतावास आणीबाणीचा प्रवास-दाखला देतो. तो फक्त एकदा व फक्त भारतात येण्यासाठी चालतो, म्हणजे पुढच्या देशाचे दर्शन त्या खेपेला होत नाही. दाखला मिळाल्यावरही त्या देशाच्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन बाहेर पडण्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यात दोन-तीन दिवस जाऊ शकतात. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची, व्हिसाची व प्रवेशाच्या शिक्क्याची झेरॉक्स जवळ असेल तर हे काम लवकर होते. एक झेरॉक्स स्वतःच्या पिशवीत, दुसरी सोबतीच्या पिशवीत, आणि तिसरी पालमला घरी, फोन उचलणाऱ्या माणसाकडे ठेवावी.